कायद्याचे प्रश्न, वाचकांचे: बियाणे, थ्रेशर आणि बचावाची वकिली

प्रश्न : समुद्रपूर तालुक्यात आमचं कृषी केंद्र आहे. गेल्या खरिपात विकलेलं सोयाबीन एका कास्तकाराच्या वावरात निघालं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस आली आहे, त्यात कंपनीसोबत आमचंही नाव आहे. कंपनीचा माणूस म्हणतो, "आमचा वकील दोघांचंही पाहून घेईल." बॅग तर आम्ही फोडलीसुद्धा नव्हती. काय करावं?

उत्तर : आधी तारीख पाहा. तक्रारीच्या प्रतीसह नोटीस हाती आली त्या दिवसापासून 30 दिवसांत लेखी जबाब द्यायचा असतो. आयोग फार तर आणखी 15 दिवस देतो. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. नोटिशीचा लिफाफा जपून ठेवा. मुदत कधी सुरू झाली, हे पोस्टाच्या शिक्क्यावरून दाखवता येतं.

वकील वेगळाच करा. 'लॉट (एकाच खेपेत तयार झालेलं बियाणं) चांगला होता, दुकानदाराने साठवण बिघडवली' हा कंपनीचा सर्वांत सोपा बचाव असतो. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. बॅग आपटली, थप्पी उंच लागली किंवा गोदामात ओल आली की उगवण घसरते, त्यामुळे या म्हणण्यात दमही असतो. दोघांचा वकील एकच असेल तर तुमच्या बाजूने याला उत्तर कोण देणार?

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 86 प्रमाणे, माल विकला एवढ्यावरून विक्रेता जबाबदार ठरत नाही. त्याने मालात फेरफार केला, तपासणी किंवा देखभालीत हयगय केली, कंपनीच्या सूचना ग्राहकाला दिल्या नाहीत किंवा स्वतःची वेगळी हमी दिली, तर तो अडकतो. गल्ल्यावर बसून "शंभर टक्के निघते, माझी गॅरंटी" असं सहज बोललेलं वाक्य शपथपत्रात आलं की तीच हमी धरली जाऊ शकते. जबाबाला कंपनीचं खरेदी बिल, साठा रजिस्टर, परवाना आणि कास्तकाराला दिलेलं पक्कं बिल जोडा. चारपैकी जिथे लॉट नंबर येतो, तिथे तो एकच असायला हवा. बिलाऐवजी साधी चिठ्ठी दिली असेल, तर 'बॅग फोडली नाही' हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

आता तालुका तक्रार निवारण समितीचा पंचनामा काढून शांतपणे वाचा. खरी लढाई याच कागदावर होते. पाहणी पेरणीनंतर कितव्या दिवशी झाली? तुम्हाला आणि कंपनीला हजर राहण्याची सूचना होती का? एक मीटर लांबीच्या तासातली (पेरलेल्या ओळीतली) रोपं किती ठिकाणी मोजली, की नुसतं 'उगवण कमी' लिहून सह्या केल्या? माती उकरून पाहिली का? दाणा फुगून सडलेला असेल, कोरडाच पडून असेल किंवा कोंब मातीच्या वरच्या कडक पापडीखाली वाकलेला असेल, तर तिन्हींची कारणं वेगळी निघतात. पेरणीपूर्वी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला होता का, हे महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या नोंदीवरून काढा. बी 3 ते 4 सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं होतं का, तेही पाहा. त्याच लॉटची बॅग आणखी कोणाकोणाला विकली, ते रजिस्टरमधून शोधून त्यांच्या वावरातली उगवण विचारा.

"प्रयोगशाळेचा अहवाल कुठे आहे?" एवढ्यावर विसंबू नका. कास्तकार सगळं बी पेरून मोकळा होतो, त्याने नमुना राखावा ही अपेक्षा रास्त नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात म्हटलं आहे. त्यापेक्षा कंपनीकडे त्याच लॉटचा राखीव नमुना मागा आणि तो तपासणीला पाठवावा असा अर्ज कलम 38 खाली द्या. सोयाबीनची किमान उगवण 70 टक्के लागते.

पाऊस पुरेसा होता आणि त्याच लॉटने शेजारच्या चार वावरांतही दगा दिला असेल, तर लढू नका. मध्यस्थीला लेखी संमती द्या. त्या माणसावर दुबार पेरणीचा भार पडलेला असतो.

प्रश्न : खामगावजवळ आमचा थ्रेशर बनवण्याचा छोटा कारखाना आहे. मजुराचा हात गेला. मालकाने घास टाकायचा पत्रा कापून आखूड केला होता. आम्ही सुटू का?

उत्तर : कदाचित, पण फक्त 'मशीन बदललं होतं' या मुद्द्यावर विसंबू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 87 मधलं फेरफाराचं संरक्षण विक्रेत्यासाठी लिहिलेलं आहे. स्वतः विकणारा उत्पादक विक्रेत्याच्या व्याख्येत येतो खरा, तरी मूळ रचना निर्दोष होती हे दाखवावंच लागेल. भारतीय मानकाप्रमाणे हा पत्रा, म्हणजे घास टाकण्याची नळी, किमान 900 मिलिमीटर लांब आणि त्यातला 450 मिलिमीटर भाग वरून झाकलेला हवा. त्या मॉडेलचं रेखाचित्र, पाठवणीच्या वेळचा फोटो आणि मराठी सूचनापत्रक दिल्याची मालकाची सही शोधा. ग्राइंडरने कापलेल्या कडेचे फोटो मशीन दुरुस्त होण्यापूर्वी घ्या. मजूर प्यालेला होता, हा बचाव फक्त 'इशारा दिला नाही' या आरोपाला लागू पडतो. रचनेतला दोष त्याने झाकला जात नाही.

प्रश्न : मी दारव्ह्याचा. यंदाच वकिलीची सनद मिळाली. कंपन्या आणि कृषी केंद्रांच्या बाजूने अशी प्रकरणं चालवायची आहेत. तयारी कशी करू? गावातले म्हणतात, हे कास्तकाराच्या विरुद्ध आहे.

उत्तर : विरुद्ध बाजूलाही वकील हवाच, नाहीतर खोटा पंचनामाही खरा ठरेल. मात्र गावात ओळखी दाट असतात, म्हणून बार कौन्सिलचा एक नियम पाठ ठेवा : एखाद्या वादात कास्तकाराला सल्ला दिला असेल, तर त्याच वादात कंपनीकडून उभं राहता येत नाही. पारावर फुकट दिलेल्या सल्ल्यावरूनही आक्षेप येऊ शकतो, तेव्हा कोणाला काय सांगितलं याची वही ठेवा. निकालावर ठरणारी फी घेता येत नाही. कंपनीने पूर्णवेळ पगारी नोकरी देऊ केली, तर ती करताना वकिली चालत नाही.

जूनमध्ये वावरात जाऊन उगवण मोजायला शिका, कीटकनाशकाच्या लेबलवरच्या त्रिकोणाचे रंग ओळखा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेनंतर या प्रकरणांकडे गंभीरपणे पाहिलं जातं. 'हातमोजे घातले नव्हते' हा बचाव आम्हाला तरी दुबळा वाटतो. सूचना भिंगाशिवाय वाचता येत नसेल आणि डोक्याएवढ्या पऱ्हाटीत (कपाशीत), सप्टेंबरच्या उकाड्यात फवारणीचा संरक्षक पोशाख अंगावर टिकत नसेल, तर ती सूचना पुरेशी कशी? दवाखान्याचे केसपेपर, कोणती औषधं एकत्र कालवली आणि बाटलीचा बॅच नंबर, यांपासून सुरुवात करा.

अशिलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा : जिल्हा आयोगात हरलो तर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, पण आदेशातली निम्मी रक्कम भरल्याशिवाय ते दाखल होत नाही.