फ्लीट फॉक्सेसचा पहिला अल्बम: एवढे आवाज एकत्र, तरी इतका शांत कसा?

तुम्ही विचारलंय की फ्लीट फॉक्सेस या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये एवढे आवाज एकत्र येतात, तरी गोंगाट का वाटत नाही आणि सुरुवात कुठून करावी. सुरुवात 'व्हाइट विंटर हिम्नल'पासून करा. अडीच मिनिटांचंही गाणं नाही. पहिल्यांदा एक आवाज छोटीशी ओळ म्हणतो, परत म्हणतो, मग दुसरे आवाज तीच ओळ मागून उचलतात आणि ती थरावर थर चढत जाते. ढोल पडतो तेव्हा सगळे एकदम एकत्र येतात. हेडफोन लावून ऐका, अंगावर काटा येतो.

आपल्याकडे कोरस म्हटलं की बहुतेकदा सगळे एकच चाल गातात. इथे शब्द तेच, पण प्रत्येकाचा सूर वेगळा. कोणी वर, कोणी खाली, आणि मुद्दाम पुढे येऊन कोणी गात नाही. त्यावर रिव्हर्बही (आवाज घुमत राहण्याचा परिणाम) भरपूर, त्यामुळे मोठ्या रिकाम्या चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं. म्हणूनच अल्बम शांत वाटतो.

बँड अमेरिकेतल्या सिएटलचा. अल्बम २००८चा, सब पॉप या रेकॉर्ड कंपनीचा, निर्माता फिल एक (Phil Ek). मुखपृष्ठावर चित्रकार ब्रॉयगेलचं १५५९ सालचं म्हणींचं चित्र आहे, तेही निवांत बघा.

आवाजांच्या थरांची किंमत कळायला 'टायगर माउंटन पेझंट साँग' ऐका: बँडचा मुख्य गायक रॉबिन पेकनोल्डचा आवाज आणि गिटार, बाकी जवळजवळ काही नाही. शेवटच्या 'ऑलिव्हर जेम्स'मध्ये तर अखेरीस गिटारही थांबते. मला तीच जागा सगळ्यात जास्त आवडते.