परळहून इंग्लंडला निघालेल्या सर्जनला: आधी लॉगबुकवर सह्या घे

तू विचारलंस की पुढच्या वर्षी परळच्या हॉस्पिटलातून एमएस जनरल सर्जरी पूर्ण होईल, बायको आणि साडेचार वर्षांची मुलगी आहे, तर इंग्लंडला यावं का आणि तयारी कुठून सुरू करावी. रजिस्ट्रेशनसाठी प्लॅब परीक्षा की सर्जनची एमआरसीएस, इंग्रजीच्या परीक्षेत आयईएलटीएस की ओईटी, व्हिसाचे नियम हे सगळं सरकारी पानांवर आहे. ते सोडून सांगतो.

पहिलं काम लॉगबुकचं, म्हणजे केलेल्या ऑपरेशनांच्या नोंदवहीचं. म्युनिसिपल हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत रजिस्ट्रारने रात्री केलेलं परफोरेशनचं (आतड्याला पडलेल्या भोकाचं) ऑपरेशन किंवा गँगरीनचं ॲम्प्युटेशन इथे कागदाशिवाय धरत नाहीत. ‘असिस्टेड’ आणि ‘परफॉर्म्ड’ एवढंच लिहून भागत नाही. इथे तुझा वाटा नेमका विचारतात: नुसतं असिस्ट केलंस, सीनियर स्क्रब होऊन (हात धुऊन, गाऊन घालून) समोर असताना केलंस, ते स्क्रब न होता ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) होते, की एकट्याने केलंस? प्रत्येक केसला तारीख, आयपीडी नंबर, वय, एएसए ग्रेड (भुलेआधीच्या तब्येतीची श्रेणी), इमर्जन्सी की इलेक्टिव्ह आणि जबाबदार सीनियरचं नाव लिही. पेशंटचं नाव नको, ओटी रजिस्टरचे फोटो तर नकोच. ऑपरेशनवार बेरीज करून प्रत्येक पानावर युनिट हेडची सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर घे. हे दर महिन्याला कर. सर निवृत्त झाले की मागच्या सह्या मिळवताना जीव जातो.

मग नावाचा घोळ. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, कुठे वडिलांचं नावच नाही. डिग्रीची पडताळणी इथेच अडते, म्हणून ॲफिडेव्हिट आत्ताच करून ठेव. एमएमसीचं (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं) गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे तुझ्याविरुद्ध कारवाई नाही असा दाखला, मात्र सगळ्यात शेवटी काढ, कारण ते 3 महिन्यांच्या आतलं लागतं. आधी काढलंस तर डिग्रीची पडताळणी होईपर्यंत त्याची मुदत संपते आणि पुन्हा तीच रांग. ‘फाइल वर गेली आहे’ एवढ्या एका वाक्यावर एका कार्यालयाने मला ताटकळत ठेवलं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

पहिली नोकरी बहुधा ट्रेनिंगबाहेरची, म्हणजे स्पेशालिस्ट होण्याच्या ठरलेल्या कार्यक्रमात न बसणारी, मिळेल. वॉर्ड, डिस्चार्ज समरी आणि ऑन-कॉल भरपूर, ऑपरेशन कमी. इमर्जन्सी लॅपरोटॉमीआधी (पोट उघडून करायच्या ऑपरेशनआधी) मृत्यूचा धोका आकड्यात काढतात, आणि तो 5 टक्के किंवा जास्त असेल तर कन्सल्टंट (सगळ्यात वरच्या पदाचे) सर्जन आणि कन्सल्टंट भूलतज्ज्ञ दोघांनीही ओटीत हजर असावं असा दंडक आहे. पेशंटसाठी हे उत्तमच. पण मुंबईत एकट्याने पोट उघडलेल्या माणसाला पुन्हा रिट्रॅक्टर धरणं जड जातं, आणि आपला हात मागे पडतोय ही भीती मनातून जात नाही. म्हणून इंटरव्ह्यूतच विचार, आठवड्याला ठरलेली थिएटर सेशन्स किती? उत्तर लेखी घे. अपेंडिक्स इथे बहुतेक दुर्बिणीतूनच काढतात, तेव्हा बॉक्स ट्रेनरवर (दुर्बिणीच्या सरावाच्या पेटीवर) आतून गाठी मारायचा सराव करूनच ये.

मुलीच्या शाळेचं मला सगळ्यात जास्त लागलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर. इंग्लंडमध्ये इयत्ता 31 ऑगस्टच्या वयावर ठरते. तोपर्यंत पाच पूर्ण झाली असतील तर ती थेट इयर वनमध्ये जाईल. रिसेप्शनचे (इयर वनच्या आधीच्या वर्गाचे) अर्ज 15 जानेवारीला बंद होतात, आणि वर्षाच्या मध्ये आलात तर जिथे जागा असेल तीच शाळा. लहान वर्गात एका शिक्षकामागे 30 मुलांची कायदेशीर मर्यादा आहे, त्यामुळे विनवण्या चालत नाहीत. इयर वनच्या जूनमध्ये फोनिक्सची (अक्षरांच्या ध्वनींवरून वाचण्याची) चाचणी होते. 40 शब्द वाचायचे, त्यातले 20 निरर्थक. ‘ए फॉर ॲपल’ने शिकलेलं मूल तिथे अडखळतं. अक्षरांचे ध्वनी निघण्याआधीच शिकव. नवीन जागी गप्प राहणाऱ्या मुलाला काहीच येत नाही असं शाळेने धरून चालणं मला आजही सहन होत नाही. तसं झालं तर पहिल्याच आठवड्यात शिक्षिकेला भेट, भीड बाळगू नकोस. नोकरी बदलून गाव बदललं की शाळाही बदलते, म्हणून वर्षभराच्या करारापेक्षा लांबचा करार मिळत असेल तर थोडा कमी पगारही चालवून घे.

एकटेपणाचं म्हणशील, तर रोटा (ड्यूटीचं वेळापत्रक) इतका भरलेला असतो की तुला तो फारसा जाणवणार नाही. बायकोला जाणवेल. तिच्या कामाची सोय तुझ्या नोकरीइतक्याच गांभीर्याने आधी बघ.

यावं का, याचं उत्तर माझ्याकडे अजून पक्कं नाही. परळला रात्री तुझी जेवढी गरज असते तेवढी इथे नसेल, आणि ते टोचत राहील. यायचं ठरलंच तर एमआरसीएसचा पार्ट ए रेसिडेन्सीतच देऊन टाक.