राणीमाशी पूर्वी राजा होती

प्रश्न असा: ‘राणीमाशी’ जोडून लिहायचं की सुटं? आणि सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या बाईला राणीमाशी म्हणणं बरोबर आहे का?

दुसऱ्या भागाचं आधी सांगतो, कारण तो प्रयोग ऐकून ऐकून कान किटलेत. साफ चूक. पोळ्यातली राणी कुणालाही हुकूम सोडत नाही. तिला भरवतात कामकरी माश्या, साफसूफ ठेवतात त्याच, आणि तिचं अंडी घालणं मंदावलं की तिच्या जागी दुसरी राणी वाढवायला घेतात त्याच. निम्मं पोळं जुन्या राणीला घेऊन नव्या घराच्या शोधात निघतं, त्याच्या आधी तर तिचं खाणं कमी करून तिला हलकी करतात, नाहीतर बाईंना उडवत नाही! नवी जागाही हेरणाऱ्या माश्या ठरवतात. ऐन हंगामात दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालायची, आणि आपल्या गंधाने पोळं एकत्र राखायचं, हे तिचं काम. याला राज्य करणं म्हणत असाल तर म्हणा.

पण मूळ गंमत पुढेच आहे. ही ‘राणी’ आपल्याकडे आली अलीकडे. प्रश्नोपनिषदात प्राण उठला की बाकीची इंद्रियं उठतात, त्याला दृष्टान्त दिलाय माश्यांचा, आणि त्या ज्याच्या मागे उठतात तो ‘मधुकरराज’. राजा! योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातही प्रत्याहार, म्हणजे इंद्रियांना विषयांपासून मागे वळवणं, समजावताना हाच मधुकरराज येतो. काही इंग्रजी भाषांतरकार इथे बेधडक ‘राणी’ घालतात. हे मला अजिबात पटत नाही. ऋषींना जे ठाऊक नव्हतं ते त्यांच्या तोंडी घालायचा आपल्याला काय अधिकार? युरोपातही राजाच होता. 1609 मध्ये चार्ल्स बटलर या इंग्रज पाद्र्याने पोळ्यावर स्त्रीचं राज्य असतं असं पुस्तक लिहिलं, पुढे डच शास्त्रज्ञ स्वामरडॅमने चिरफाड करून राजाच्या पोटात अंडाशय दाखवलं, तेव्हा कुठे राजेसाहेब गेले.

आपल्याकडे राजा का झाला? माझा तर्क व्याकरणाचा आहे. संस्कृतात ‘मक्षिका’ स्त्रीलिंगी, पण ‘मधुकर’ पुल्लिंगी. मधुकरांचा म्होरक्या म्हटलं की राजाच होणार. ग्रीकमध्ये मधमाशीचा शब्द स्त्रीलिंगी असूनही ॲरिस्टॉटल राजाच म्हणतो, हे मला सांगू नका. माहीत आहे. तर्क तरी सोडवत नाही.

आणि त्या मक्षिकेचं मराठीत काय झालं पाहा. संस्कृत ‘क्ष’चा हिंदीत ‘ख’ होतो तिथे मराठीत बऱ्याचदा ‘श’ किंवा ‘स’ होतो. खेत-शेत, कोख-कूस, ईख-ऊस, आणि मक्खी-माशी. चार जोड्या, एकच वाट. एवढी देखणी ओळ कोशात चार वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली असते आणि शाळेत कुणी दाखवत नाही. शुद्धलेखनवाले मात्र ‘माशा’ की ‘माश्या’ यावर डोकं फोडत बसतात. मी ‘माश्या’ लिहितो. ‘माशा’ लिहिणाऱ्याशी भांडत नाही.

हां, जोडून लिहा.