कम्प्रेसर जाम झाल्यावर एसी फ्लश: धुणं सोपं, वाळवणं अवघड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडीच्या एसीचा कम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) चालता चालता जाम झाला, नवा आणलाय, आणि तो बसवण्याआधी सगळे पाईप पेट्रोल किंवा थिनरने धुऊन हवा मारली तर चालेल का?

पेट्रोल आणि थिनर अजिबात नको. पाईपात राहिलेलं पेट्रोल नव्या कम्प्रेसरचं तेल पातळ करतं, थिनर रबराच्या ओ-रिंग आणि होजचं अस्तर फुगवतं, आणि दोन्हींच्या वाफा एका ठिणगीत पेटतात. ब्रेक क्लीनर, रॉकेल आणि पाणीही नको. एसी फ्लशिंगसाठीच, म्हणजे पाईप आतून धुण्यासाठीच बनवलेलं सॉल्व्हंट (तेल-मळ विरघळवणारा द्रव) घ्या.

पण त्याआधी फ्लशची गरज आहे का ते बघा. फ्लश ही दरवर्षी करायची सर्व्हिस नाही. कूलिंग कमी झालं म्हणून फ्लश करायला सांगणाऱ्याला आधी गळती शोधायला सांगा. फ्लश लागतो तो कम्प्रेसर आतून फुटला असेल, तेल जळलं असेल किंवा चुकीचं तेल पडलं असेल तेव्हा.

ते ओळखायला जुना कम्प्रेसर उलटा करून थोडं तेल पांढऱ्या कागदावर ओता आणि टॉर्च तिरका धरा. तेल पारदर्शक किंवा हलकं पिवळं असेल, फक्त क्लच (कम्प्रेसरला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा भाग) किंवा बेअरिंग गेलं असेल, तर सिस्टिम धुवायचं कारण नाही. तेल राखाडी असून त्यात चमचम दिसली, तर ते ॲल्युमिनियमचे कण आहेत. आणि काळं, चिकट, जळका वास येणारं तेल निघालं तर कचरा कंडेन्सरपर्यंत (गरम गॅस थंड करून द्रव करणाऱ्या जाळीपर्यंत) पोचलाय असंच धरून चाला. कम्प्रेसरमधून निघालेला गॅस पहिल्यांदा तिथेच जातो.

मन खट्टू होईल, पण इथे खरं बोललेलं बरं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत पॅरलल फ्लो कंडेन्सर असतो. चपट्या नळ्या, आणि प्रत्येक नळीत केसाएवढ्या बारीक वाटा. सॉल्व्हंट ज्या वाटा मोकळ्या आहेत त्यांतूनच पळतं, तुंबलेल्या तशाच राहतात. दुसऱ्या टोकाला स्वच्छ द्रव येताना दिसतो आणि आपण फसतो. असा कंडेन्सर काळा निघाला तर बदलायचाच. जुन्या पद्धतीचा, एकच जाड नळी वळणं घेत गेलेला कंडेन्सर मात्र चांगला धुतला जातो.

कम्प्रेसर फ्लश करत नाहीत. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ऑरिफिस ट्यूब (कूलिंग कॉइलआधी दाब उतरवणारं अरुंद तोंड) आणि ड्रायर (ओलावा टिपणारा डबा) नवेच टाकायचे. ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणे सॉल्व्हंटने कायमचे खराब होतात. ज्या होजमध्ये मफलर किंवा जाळी आहे, त्यातला कचरा कधीच पूर्ण निघत नाही, तीही बदला. राहिलं काय? साधे पाईप, कूलिंग कॉइल (केबिनची हवा थंड करणारी) आणि जुन्या प्रकारचा कंडेन्सर. एवढंच धुवायचं.

पाईप सोडण्याआधी गॅस रिकव्हरी मशीनवर (गॅस ओढून टाकीत साठवणाऱ्या यंत्रावर) काढून घ्या. नट सैल करून हवेत सोडू नका. आर-१३४ए हा एसीत भरला जाणारा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. शिवाय तो उणे २६ अंशांना उकळतो, म्हणजे द्रव हातावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. ज्योतीजवळ त्याची विषारी वाफ होते. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ तर स्वतःच पेट घेऊ शकतो. चष्मा, हातमोजे, उघडी जागा, आणि जवळ बिडी-सिगारेट नको. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर जास्त दाबाच्या विजेच्या केशरी केबलच्या वाटेला जाऊ नका. तिच्या कम्प्रेसरचं तेलही वेगळं असतं, आणि नेहमीचं पीएजी तेल (बहुतेक गाड्यांच्या एसीत असतं ते) पडलं तर विजेचं इन्सुलेशन कमजोर होतं. ते काम प्रशिक्षित माणसाकडेच द्या.

धुताना प्रत्येक भाग सुटा करा. कॉइल धुण्याआधी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह काढा. सॉल्व्हंट आधी गॅसच्या उलट दिशेने सोडा, कारण कचरा ज्या वाटेने येऊन अडकला त्याच वाटेने मागे लवकर सुटतो. दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, मग सुलट दिशेने. बाहेरच्या तोंडाला होज लावून बाटलीत सोडा, बाटलीच्या तोंडाशी फडकं धरा. स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा करा. काळं सॉल्व्हंट गटारात ओतू नका.

आता खरं काम. माझ्या हातून पहिल्यांदा चूक झाली ती इथेच. कूलिंग कॉइल धुतली, पाच मिनिटं हवा मारली, कोरडी वाटली म्हणून बसवली. तीन आठवड्यांत नवा कम्प्रेसर घरघरायला लागला. उघडला तर तेल पाण्यासारखं पातळ. कॉइलच्या तळाशी सॉल्व्हंट साचून राहिलं होतं. व्हॅक्यूम पंप (सिस्टिममधली हवा ओढून काढणारा) ते ओढून घेईल हा गैरसमज काढून टाका. २० अंश तापमानाला दाब १७.५ मिलिमीटर पाऱ्याखाली गेला की पाणी उकळतं, म्हणून व्हॅक्यूममध्ये ओलावा निघून जातो. जड सॉल्व्हंट आणि तेल तसं उडून जात नाही.

त्यामुळे वाळवायला कोरडा नायट्रोजन घ्या, सिलिंडरला रेग्युलेटर लावूनच. टायरच्या कम्प्रेसरची हवा वापरलीत तर तिच्यासोबत पाणी आणि तेल आत जातं. ऑक्सिजन चुकूनही नको. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. अर्धा तास तरी मारा, मधे थांबा, भाग हलवा, उलटा धरा, पुन्हा मारा. शेवटी तोंडाशी पांढरा कागद धरा. त्यावर ओल किंवा डाग उमटत असेल तर अजून वाळलेलं नाही.

धुतल्यावर त्या भागातलं तेलही गेलं, हे बरेच जण विसरतात. गाडीच्या पुस्तिकेत पूर्ण सिस्टिमचं तेल लिहिलेलं असतं, समजा १२० मिली. नव्या कम्प्रेसरमध्ये किती आहे ते लेबलवर बघा किंवा ओतून मोजा. उरलेलं कॉइल, कंडेन्सर आणि ड्रायरमध्ये वाटून घाला. जो भाग धुतला नाही त्यातलं तेल धरायला विसरू नका. जास्त तेलाने कूलिंग मरतं, कमी तेलाने कम्प्रेसर. पीएजी ४६ की १०० की १५० (हे तेलाच्या दाटपणाचे आकडे) हे लेबलप्रमाणेच. बाटली उघडी ठेवू नका, हे तेल हवेतलं पाणी शोषतं.

ड्रायर सगळ्यात शेवटी टोपण काढून बसवा. नव्या ओ-रिंगला तेलाचं बोट लावा. नायट्रोजनने गळती तपासा, मग निदान ४५ मिनिटं व्हॅक्यूम, आणि पंप बंद करून अर्धा तास दाबमापकाचा काटा हलतो का बघा. गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनानेच भरा. चालू करण्याआधी कम्प्रेसरची क्लच प्लेट हाताने दहा-बारा वेळा फिरवा, म्हणजे आत साचलेलं तेल एकदम पिस्टनवर आदळणार नाही.

सध्या तुम्ही एवढंच करा: जुन्या कम्प्रेसरचं तेल कागदावर घ्या, रंग बघा, आणि कंडेन्सर चपट्या नळ्यांचा आहे की वळणाच्या नळीचा ते कळवा. मग काय धुवायचं आणि काय बदलायचं ते ठरवू.