प्लग काढला म्हणजे आग विझली नाही : पेलेट ग्रिलविषयी प्रश्नोत्तरे

मेमोरियल डेच्या सुट्टीपासून माझ्याकडे आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच वस्तूबद्दल आहेत : टेबलावर मावणारा, गाडीत घालून कुठेही नेता येणारा छोटा पेलेट ग्रिल. अमेरिकेतल्या आपल्या मंडळांच्या सहलींना कोळशाच्या शेगडीऐवजी आता हाच दिसू लागला आहे. पत्रे वेगवेगळ्या गावांहून येतात, पण घोटाळा एकच असतो. ग्रिलला वायर आहे, आकडे दाखवणारी पट्टी आहे, काहींत तर फोनवरून तापमान बदलता येते, म्हणून लोक त्याला मायक्रोवेव्हच्या पंगतीला बसवतात.

ही लाकडाची चूल आहे. वीज तिच्यात तीनच कामे करते : सुरुवातीला पेटवणारी सळई तापवते, ऑगर नावाचा मळसूत्री दांडा फिरवून भुशाच्या कांड्या, म्हणजे पेलेट्स, त्या साठवायच्या पेटीतून (हॉपरमधून) जळणाच्या वाटीत ढकलते, आणि पंख्याने वारा घालते. तुमचे पनीर भाजते ती आग लाकडाचीच. विमा कंपन्यांसाठी आगींची कारणे शोधण्याचे काम मी वीस वर्षे करते आहे. पुढची बहुतेक उत्तरे, आग लाकडाची आहे, या एकाच गोष्टीतून निघतात.

पाऊस आला की आम्ही ग्रिल गॅरेजमध्ये घेतो आणि दार अर्धे उघडे ठेवतो. चालेल ना? (एडिसन)

नाही, आणि दार पूर्ण उघडे ठेवले तरीही नाही.

ताई, तापमान 225 फॅरेनहाइटवर ठेवले होते. तासाभराने बघितले तर 140. बंद करून पुन्हा चालू केला, तर आधी पिवळट दाट धूर आला आणि मग ‘धप्प’ आवाज होऊन झाकण वर उचलले गेले. ग्रिल बिघडला का? (फ्रीमाँट)

बिघडला असेलही, पण जे घडले ते बिघाड नसतानाही घडते. जाळ मधेच विझला. कंट्रोलरला जाळ दिसत नाही, त्याला फक्त तापमान कळते. ते उतरू लागले की तो आणखी पेलेट्स ढकलत राहतो. तुम्ही बघायला आलात तोवर वाटी काठोकाठ भरलेली होती. पुन्हा चालू केल्यावर सळईने तो ढीग धुमसायला लावला. पिवळट धूर म्हणजे न जळलेले इंधन. बंद झाकणाखाली ते कोंडले, जाळ धरला तसे सगळे एकदम पेटले.

मधेच विझलेला ग्रिल तसाच पुन्हा पेटवायचा नाही. बंद करा, प्लग काढा, पूर्ण थंड होऊ द्या. जाळी आणि खालचा पत्रा उचलून वाटीत डोकावा, पेलेट्स आणि राख काढा, मगच सुरू करा. आणि तसा दाट धूर दिसला तर झाकण उघडायला वाकू नका. मुलांना घेऊन मागे सरा. वीज बंद करायला हात दुरून पोचत असेल तरच बंद करा.

विझण्याची नेहमीची कारणे साठलेली राख, ओलसर पेलेट्स आणि वारा ही आहेत. छोट्या ग्रिलची पत्र्याची भिंत पातळ, त्यामुळे उघड्या मैदानावर वाऱ्याचा त्रास जास्त. साफ करूनही दुसऱ्यांदा असे झाले, तर वापर थांबवा आणि उत्पादकाच्या सेवा केंद्राला मॉडेल क्रमांक देऊन विचारा.

घर तापवायच्या पेलेट्स बऱ्याच स्वस्त मिळतात. शेवटी लाकूडच ना? (मिनेसोटा)

त्या वापरू नका. त्यांत नरम, राळेचे लाकूड, साल, बाकी कायकाय असू शकते, आणि त्या अन्नासाठी बनवलेल्या नसतात. मात्र स्वयंपाकाच्या पेलेट्सच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘हिकरी’ किंवा ‘चेरी’ लिहिले आहे म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी मागची बारीक अक्षरेही वाचा. पुष्कळ पिशव्यांत मूळ लाकूड ओक किंवा आल्डर असते आणि बाकीचे नावापुरते. ही फसवणूक खिशाची आहे, पण ओलाव्याची फसवणूक धोक्याची. एक कांडी दोन बोटांत धरून मोडा. ‘टक’ आवाज होऊन तुटली तर ठीक. चुरा झाला किंवा वाकली तर अख्खी पिशवी टाकून द्या. ओला भुसा ऑगरच्या नळीत फुगतो आणि सिमेंटसारखा घट्ट बसतो.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लाकडी बाल्कनी. दुकानदार म्हणाला, हा ‘इलेक्ट्रिक’ प्रकारात मोडतो, त्यामुळे सोसायटीला हरकत घेता येणार नाही. (प्लेनो)

दुकानदाराला ग्रिल विकायचा आहे. वायर आहे म्हणून लाकूड जाळणारे यंत्र इलेक्ट्रिक ठरत नाही. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी जी आंतरराष्ट्रीय अग्निसंहिता लागू आहे, तिच्यानुसार जळाऊ बांधकामाच्या बाल्कनीत किंवा अशा बांधकामापासून 10 फुटांच्या आत कोळशाची आणि उघड्या जाळाची स्वयंपाकाची साधने पेटवता येत नाहीत. एक-दोन कुटुंबांची घरे आणि बाल्कनीसकट स्प्रिंकलरने (आग लागताच आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेने) संरक्षित इमारती यांना त्यात सूट आहे. तुमच्या शहराने ही संहिता कोणत्या बदलांसह स्वीकारली आणि तिथे पेलेट ग्रिल कशात धरतात, हे तुमच्या फायर मार्शलच्या कार्यालयाला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. भाडेकरार वेगळा वाचा. करारात बंदी असेल तर संहितेतली सूट उपयोगाची नाही, आणि आग लागल्यावर विमा कंपनी पहिला कागद तोच मागते.

ग्रिल लावला की बाहेरचे जीएफसीआय सॉकेट ट्रिप होते. दोन महिने झाले. मित्राने सांगितले, आतल्या साध्या सॉकेटमधून एक्स्टेंशन घे, म्हणजे कटकट मिटेल. आता मस्त चालतोय. (शार्लट)

आजच बंद करा. ते सॉकेट साधारण 5 मिलिअँपिअर इतकी वीज वाट चुकून जाऊ लागली तरी ट्रिप होते, म्हणजे वीज तोडते. माणसाचा जीव वाचवायलाच ते तसे बनवलेले असते. बहुतेक वेळा दोष पेटवणाऱ्या सळईत असतो : तिच्यात ओलावा शिरतो किंवा तिचे आवरण तडकते, आणि वीज ग्रिलच्या पत्र्यात उतरू लागते. मित्राच्या सल्ल्याने ती गळती थांबलेली नाही, फक्त सांगणारा गप्प झाला आहे. पाऊस पडून गेलेल्या गवतावर अनवाणी उभे राहून कोणी झाकणाला हात लावला, तर? दोन महिने तुम्ही थांबलात, ते पुरे. सेवा केंद्राकडून सळई तपासून घ्या. दुसरी उपकरणे लावूनही सॉकेट ट्रिप होत असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आम्ही शुद्ध शाकाहारी. पनीर, मक्याची कणसे, भरताची वांगी, एवढेच. मग चरबीची आग वगैरे आम्हाला लागू नाही ना? (बे एरिया)

लागू आहे. पनीर टिक्क्याचे मॅरिनेड निम्मे तेलाचे असते, आणि कणसावर तुम्ही तूप सोडताच. ते सगळे खालच्या उतरत्या पत्र्यावरून वाहत कडेच्या नळीतून डब्यात जायचे असते. एका घरी मी तो पत्रा उचलला, तर अख्ख्या उन्हाळ्याचे तेल लाखेसारखे जमलेले आणि नळीचे तोंड बुजलेले. वरून जाळी चकचकीत होती. जाळी रोज घासतात, पत्रा कोणी उचलत नाही.

पत्र्यावर फॉइल लावायची तर उत्पादकाने सांगितली तशीच, नळीचे तोंड मोकळे ठेवून. व्हॉट्सअॅपवरच्या व्हिडिओत आतला तळ सगळा फॉइलने मढवून दाखवतात. त्याने तेल जागोजाग साचते आणि वाऱ्याची वाट अडते. तेल पेटलेच तर पाणी मुळीच नाही. झाकण लावा, हात सुरक्षित पोचत असेल तर वीज बंद करा. जवळ जाता येत असेल तरच खाण्याचा सोडा टाका. नाही तर लांब व्हा आणि 911.

मंडळाच्या सहलीहून निघायला उशीर झाला, म्हणून ग्रिलचा प्लग काढला आणि मिनीव्हॅनमध्ये मागे ठेवला. उकाडा होता, काचा बंद, एसी चालू. तासाभराचा प्रवास. धाकटीचे डोके दुखायला लागले, घरी येऊन दोन उलट्या झाल्या. मलाही गरगरत होते. सासूबाई म्हणाल्या, ऊन लागले आणि पित्त झाले, कोकम सरबत द्या. घरच्या ऑक्सिमीटरवर 98 आले, म्हणून निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी सगळे बरे. याला दहा दिवस झाले. ऊनच असेल ना? (ऑस्टिनजवळ)

मी तुम्हाला पाहिलेले नाही आणि मी डॉक्टर नाही. पण हे पत्र मी उभी राहून वाचले.

एकाच गाडीत, एकाच वेळी दोघींना डोकेदुखी, गरगर आणि उलटी, आणि मागे धुमसता ग्रिल. अशा वेळी पहिला संशय कार्बन मोनॉक्साइडचा धरायचा, पित्त आणि ऊन नंतर. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आणि तुमचा ऑक्सिमीटर या बाबतीत आंधळा आहे : बोटावरच्या साध्या यंत्राला ऑक्सिजन चिकटलेले आणि मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. विषबाधा झालेल्या माणसाच्या बोटावरही ते 98 दाखवू शकते. खरे माप रुग्णालयात रक्त तपासून, को-ऑक्सिमीटरवर कळते. तेही लवकर गेले तर, कारण मोकळ्या हवेत रक्तातले प्रमाण चार-पाच तासांत निम्म्यावर येते. दुसऱ्या दिवशी बरे वाटणे म्हणजे काही झालेच नव्हते, असा अर्थ होत नाही.

आज तुमच्या रक्तात ते सापडणार नाही. तरीही धाकटीच्या डॉक्टरांना आणि तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि जसे मला लिहिलेत तसेच सगळे सांगा, ग्रिलसकट. या विषबाधेनंतर काही जणांत विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे अशी लक्षणे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही उमटतात. गाडीत कोणी गरोदर असेल तर फोन आत्ताच करा. पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षा जास्त बाधतो. विषबाधेबाबत सल्ला देणारा 1-800-222-1222 हा क्रमांक अमेरिकेत चोवीस तास चालू असतो आणि मोफत आहे. आणि पुढे कधी असे झाले तर गाडी बाजूला घ्या, सगळ्यांना उघड्यावर काढा आणि 911 लावा. सरबत करत बसू नका.

आता ग्रिलकडे येते. प्लग काढल्याने आग विझत नाही. पंखा थांबतो, इतकेच. वाटीतल्या निखाऱ्यांना वारा कमी पडतो, ते धुमसू लागतात, आणि धुमसणारे लाकूड नीट जळणाऱ्या लाकडापेक्षा कितीतरी जास्त मोनॉक्साइड सोडते. शिवाय ऑगरच्या नळीतही पेलेट्स भरलेल्या असतात. विस्तव त्यांना धरून उलट्या दिशेने, हळूहळू हॉपरकडे चढू शकतो. तुमचा हॉपर कुठे होता? मुलांच्या सीटमागे. एका तपासात मला गाडीच्या मागच्या गालिच्यावर ग्रिलच्या चार पायांचे चार वितळलेले ठसे मिळाले होते. चालकाने वेळेवर गाडी थांबवली, म्हणून प्रकरण ठशांवरच थांबले. गाडीच्या इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीच्या पेटीवर ग्रिल चालवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे : भाजताना बॅटरी संपली की नेमके हेच होते.

शेवटचा घाणा उतरला की बंद करण्याचे बटण दाबा. वायर काढू नका. पंखा उरलेले जाळून स्वतः थांबेपर्यंत ग्रिलला हात लावायचा नाही. किती मिनिटे, ते तुमच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यानंतर प्लग काढा आणि पत्रा, वाटी, राख हाताला गार लागेपर्यंत थांबा. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, पाणी घालून. राखेत दडलेला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो, म्हणून कागदी पिशवी किंवा प्लॅस्टिकची बादली चालत नाही. आठ वाजता निघायचे असेल तर ग्रिल सहालाच बंद व्हायला हवा. नंतर आलेल्यांना थंड कणीस मिळेल. मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : जेवणाच्या वेळापत्रकात ‘ग्रिल बंद’ अशी वेळ लिहा आणि ती एका माणसाच्या नावावर टाका.

तंबूलाही हेच लागू. रात्री ऊब म्हणून गार होत आलेला ग्रिल तंबूत किंवा आरव्हीत (राहण्याची सोय असलेल्या गाडीत) ओढून घेण्याबद्दल या महिन्यात तिघांनी विचारले. जीव जातो. ओढू नका.

मुलगा डॅलसहून ग्रिल पुण्याला पाठवतो आहे. इथे प्लगचा अडॅप्टर लावून चालवता येईल का? (कोथरूड)

नाही. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. ग्रिल 120 व्होल्टचा, तुमच्याकडे 230. पेटवणाऱ्या सळईत साडेतीन पटींहून जास्त उष्णता निर्माण होईल, आणि कंट्रोलर बहुधा त्याआधीच जळेल. योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लावायचा असेल तर उत्पादकाला लेखी विचारा, मग इलेक्ट्रिशियनला. मुलाला तोवर थांबायला सांगा.

शेजारी वापरलेला ग्रिल 60 डॉलरला देतो आहे. घ्यावा का? (राली)

आधी बुडाची पाटी बघा. मॉडेल आणि सिरियल क्रमांक वाचता येत नसेल तर घेऊ नका. वाचता आला तर ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर तो मागे घेतलेल्या मालात आहे का, ते तपासा. मग हॉपर रिकामा करून टॉर्चने ऑगरच्या तोंडाशी पाहा. तिथे काजळी किंवा रंग उडून निळा पडलेला पत्रा दिसला, तर विस्तव एकदा तिथवर चढलेला आहे. तो ग्रिल फुकटही आणू नका. वायर पूर्ण लांबीवर बोटांनी चाचपा, जिथे पत्र्यात शिरते तिथे विशेष. हे सगळे ठीक निघाले तर शेजाऱ्याला तुमच्यासमोर तो पेटवून, बटणाने रीतसर बंद करून दाखवायला सांगा, आणि पंखा स्वतःहून थांबेपर्यंत तिथेच थांबा.