ॲपल पाय फळात मोजू नका

प्रश्न : आम्ही मूळचे गोव्यातल्या डिचोलीचे, सध्या न्यू जर्सीत असतो. माझे बाबा काही महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. लाडू-बर्फीला ते हात लावत नाहीत, पण सुपरमार्केटमधला ॲपल पाय त्यांना फार आवडलाय. रात्री जेवणानंतर रोज एक तुकडा घेतात. काही बोललं की म्हणतात, "सफरचंदच तर आहे, फळानं काय होणार?" खोक्यावरही 'खऱ्या सफरचंदांचा' असं ठळक छापलेलं आहे. हो म्हणू की नको?

उत्तर : ताई, रोज तर नकोच. नेवरीच्या (करंजीच्या) सारणात नारळ असतो म्हणून डिचोलीत कोणी नेवरी नारळात मोजत नाही. ॲपल पायही तसाच आहे, मैदा, तूप-तेल आणि साखर यांची मिठाई, जिच्या पोटात सफरचंद आहे.

आकडे बाबांसमोर ठेवा, ते ऐकतील. अमेरिकी कृषी खात्याच्या कोष्टकांप्रमाणे दुकानातल्या तयार ॲपल पायच्या 125 ग्रॅमच्या तुकड्यात सुमारे 296 कॅलरी, 42 ग्रॅम कर्बोदके, जवळजवळ 14 ग्रॅम स्निग्धांश आणि जेमतेम 2 ग्रॅम तंतू असतात. सालासकट मध्यम आकाराच्या सफरचंदात 95 कॅलरी, 25 ग्रॅम कर्बोदके आणि 4 ग्रॅमहून जास्त तंतू, स्निग्धांश नावापुरता. म्हणजे कॅलरी तिप्पट झाल्या आणि ज्या तंतूंसाठी डॉक्टर फळ खायला सांगतात ते निम्म्यावर आले.

बहुतेक जण लेबलवर फक्त साखरेची ओळ बघतात. त्या 42 ग्रॅम कर्बोदकांपैकी साखर साधारण 20 ग्रॅम असते. उरलेला मोठा भाग मैद्याचा आणि सारण घट्ट करायला घातलेल्या स्टार्चचा, आणि त्याचीही शरीरात शेवटी ग्लुकोजच होते. म्हणून बोट एकूण कर्बोदकांच्या ओळीवर ठेवा. शिजवलेल्या भाताच्या एका अमेरिकी कपात साधारण तेवढीच, 45 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. हुमण-भात (माशांची आमटी आणि भात) पोटभर जेवून वर हा तुकडा घेणं म्हणजे आणखी एक कप भात वाढून घेणं.

त्याआधी लेबलची पहिली ओळ वाचा. तिथे एक वाढप म्हणजे पायचा आठवा भाग असं बहुधा लिहिलेलं असतं, आणि खालचे सगळे आकडे त्या आठव्या भागाचे असतात. घरात आपण पायचे सहा तुकडे केले की प्रत्येक आकडा एक तृतीयांशाने वाढला. 42 चे 56 झाले. वर आइस्क्रीमचा गोळा आला तर त्याचा हिशेब वेगळा.

'खरी सफरचंदं' या शब्दांवरून ती किती आहेत हे कळत नाही. अमेरिकेत फ्रोझन चेरी पायसाठी सरकारी नियम होता, वजनाच्या निदान 25 टक्के फळ हवं. तोही 2024 मध्ये रद्द झाला. घटकांची यादी मात्र वजनाच्या उतरत्या क्रमाने लावावी लागते, त्यामुळे सफरचंद कितव्या जागी आहे आणि साखर, कॉर्न सिरप कुठे आहेत ते तिथे दिसतं. वरून घातलेल्या साखरेची वेगळी ओळही आता लेबलवर असते. दिवसाची वरची मर्यादा 50 ग्रॅम धरलेली आहे, पण ती निरोगी माणसाच्या 2000 कॅलरींच्या हिशेबाने. बाबांनी तिथवर पोचायचं नाही.

तुम्ही 'साखर न घातलेला' पाय आणायचा विचार कराल, म्हणून आधीच सांगते. त्यात साखरेऐवजी बऱ्याचदा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असतं, मैद्याचं आवरण मात्र तेच. कर्बोदकं थोडी कमी होतात, संपत नाहीत, आणि माल्टिटॉल जास्त झालं तर गॅस होतो, जुलाब लागतात.

पायमधला स्निग्धांश पोट रिकामं व्हायला वेळ लावतो, त्यामुळे साखर उशिरा चढू शकते. बाबा दोन तासांनी मोजून "बघ, काही झालं नाही" म्हणतील, आणि आकडा वर जाईल ते झोपल्यावर. ज्या दिवशी पाय खातील त्या दिवशी दोन तासांनी मोजा, झोपण्याआधी पुन्हा एकदा मोजा आणि सकाळचा उपाशीपोटीचा आकडाही लिहून ठेवा. जेवणानंतर 180 (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली हे सर्वसाधारण लक्ष्य आहे, पण बाबांचं लक्ष्य त्यांच्या डॉक्टरांना विचारा. (ब्रिटन-कॅनडातल्या वाचकांच्या यंत्रावर एकक वेगळं, तिथे तोच आकडा 10 दिसेल.) पाय खायचा म्हणून एक गोळी जास्त घेणं मात्र अजिबात नको.

मी इतकं तपशिलात का सांगते आहे? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, 26.4 टक्के. देशाची सरासरी 11.4 होती. बाबांसारखे आईवडील आपल्या कितीतरी घरांत आहेत, आणि त्यांची मुलंही, म्हणजे तुम्हीही, या आजाराच्या जवळच आहात. बाबांबरोबर तुमचीही तपासणी होऊ द्या.

त्यांचा आनंद पार तोडू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तुकडा, त्या रात्री भात तेवढा कमी, आणि कडेची जाड घडी ताटात सोडायची, कारण तिथे नुसता मैदा आणि तूप-तेल असतं. इतर दिवशी सालासकट सफरचंदाच्या फोडी दालचिनी भुरभुरून ओव्हनमध्ये भाजा. घरभर तोच वास येतो आणि साखर घालावी लागत नाही.

बाबा सोमवारी शिवराक (मांस-मासळी वर्ज्य) पाळत असतील तर आणखी एक गोष्ट बघा. काही पायच्या आवरणात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असते. आपल्याकडच्यासारखा हिरवा ठिपका तिथे सक्तीचा नाही, पण कुठली चरबी वापरली ते यादीत नावानिशी लिहावं लागतं. मुलांच्या डब्यातला तळलेला छोटा पाय तर आणखी जड. 128 ग्रॅमच्या एकात 400 च्या आसपास कॅलरी भरतात.

आणि बाबांच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड आहे का ते आजच बघा. त्या गोळीने साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ दिसला तर हाताशी आहे म्हणून पाय देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. अर्धा कप फळांचा रस किंवा 15 ग्रॅम ग्लुकोज द्या, 15 मिनिटांनी मोजा, आकडा 70 च्या खालीच असेल तर तेवढंच पुन्हा द्या. बाबा शुद्धीत नसतील तर तोंडात काही घालू नका, लगेच 911 ला फोन करा.