स्वीडनमध्ये बलात्काराचं प्रमाण भारतापेक्षा इतकं जास्त कसं?

मोजण्याची रीतच वेगळी आहे. नवऱ्याने वर्षभर वारंवार अत्याचार केला, तर स्वीडनमध्ये प्रत्येक वेळेची स्वतंत्र नोंद होते. आपल्याकडे एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी सरकारी संस्था, त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजते. आणि सज्ञान पत्नीवर नवऱ्याने केलेला बलात्कार आपला कायदा बलात्कार मानतच नाही, हे मला फार टोचतं.

शिवाय तक्रार करतं कोण? ठाणे स्टेशनच्या गर्दीत माझा मोबाईल मारला गेला, मी पोलिसांकडे गेलोच नाही. ती चोरी कुठल्याच तक्त्यात नाही. मग जिथे अब्रूची भीती, तिथे काय होत असेल!

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये गुन्ह्यांचं समान वर्गीकरण स्वीकारलं, तरी देशोदेशीचे कायदे आपापलेच. तुलना करायचीच तर खुनांची करा. मृतदेह सहसा दडत नाही.